आरूल

दारखानला, रेल्वे कारखान्याच्या मागे,
दुसऱ्या मजल्यावर मी दात बनवते.
मेण, प्लास्टर, गुलाबी हिरडी,
आणि रंगांचे नंबर. गुराख्यांना
नेहमी जरा पिवळाच लागतो.

जानेवारीत सेव्जमा आली,
उणे तीस, दिवसभराची जीप.
वर चार, खाली सहा, तेही हलणारे.
तीन वर्षं सगळं चहात भिजवून, म्हणाली,
मांसाची तर उकळून उकळून लापशी.
जेवले तरी जेवल्यासारखं नाही,
गिळलेलं पोटात दगडासारखं बसतं,
आणि कमरेचा पट्टा दोन वेढे जास्त घेतो.
"बकऱ्या रात्रभर रवंथ करतात,
मी नुसती ऐकत पडते."

साचा घेताना विचारलं, कशाला हवेत?
हसायला? नातवाच्या लग्नातल्या फोटोला?
तिनं अंगरख्यातून आरूल काढला,
वाळल्या दह्याचा खडा,
आणि टेबलावर ठक्कन ठेवला.
"ह्याला."

दात बसवले त्या दिवशी
तिनं तो चावलाच नाही.
गालात ठेवला. या गालातून त्या गालात.
लाळ सुटू दिली. मग दाढेखाली, हळू,
नव्या सुनेला घर दाखवावं तसं.
कानशिलाजवळ काहीतरी हलत होतं,
तीन वर्षांनी.

तोवर मी माझं जेवण उरकलं:
सहा बूझ, उभ्यानं, वाफाळते,
फोन खांद्यात धरून,
आणि वर छातीतल्या जळजळीची पांढरी गोळी.

"किती वेळा चावलंस?"
मी मोजलं नव्हतं.
"मी मोजलं. एकेकाला तीनदा.
शेवटचा तर सरळ आत,
पेटीत पत्र टाकावं तसा."
मग माझ्या तोंडाकडे वाकून,
गिऱ्हाईक माल बघतं तशी:
"हे कुणी बनवले?"
माझेच आहेत.
"मग?"

जाताना पैशांवर एक खडा ठेवून गेली.

संध्याकाळच्या बसमध्ये तो मी गालात धरला.
आधी नुसता दगड. चुन्याचा वास.
पूल ओलांडला तेव्हा आंबट,
बाजारापाशी खारट, मग बकरीच्या अंगाचा उग्र वास,
आणि त्याच्याही मागे काहीतरी हिरवं,
ज्याचं नाव मला शहरात आठवेना.
जबडा दुखत होता. माझा थांबा आला.
खडा अजून अर्धा होता.

मी उतरले नाही.