वाढीव त्रेचाळीस मिनिटं

डिसेंबरात आमच्या फ्योर्डमध्ये सूर्य डोंगराआडूनच परत फिरतो.
दिवस म्हणजे तीन तासांचा निळसर उजेड,
आणि सिनेमा चार तास बारा मिनिटांचा.
तिकिटं फाडता फाडता मी सांगत होते,
आत जाल तेव्हा उजाडलेलं नसेल,
बाहेर याल तेव्हा मावळलेलं असेल.
तरी एकसष्ट माणसं आली.
गाव दोनशेचं.

सात वर्षांपूर्वी इथेच झालं होतं चित्रीकरण.
आमचा धक्का म्हणजे मीठराजाचं बंदर,
आमच्या मेंढ्या म्हणजे शापित सैन्य,
आणि आम्ही, घोंगड्या पांघरून, मेंढ्यांमागची गर्दी.
पहिल्या आवृत्तीत गर्दी कापली गेली.
मेंढ्या राहिल्या.

मध्यंतरात कॉफी ओतत मी ऐकत होते.
दाराशी मतांची वही ठेवलेली, पण वहीत कोण लिहितो?
वाल्गेर्दुर बाई, पुस्तक अकरा वेळा वाचलेल्या,
कप खाली न ठेवता म्हणाल्या,
पुस्तकात ड्रॅगन दिसतो कुठे?
नुसता त्याचा श्वास लागतो, दाराच्या फटीतून.
आता यांनी नख न् नख दाखवलं.
भीती गेली, जनावर उरलं.

ओर्री, वय एकोणीस, दाढी राजपुत्राच्या मापाने राखलेली:
अजून तासभर चाललं असतं मला.
राजा आता नीट मरतो.
आधी नुसताच मेला होता.

बेकरीवाल्याने घड्याळ पाहिलं. नमनालाच घडाभर तेल, म्हणाला.
तू तर घोरत होतास, त्याची बायको म्हणाली,
तेल मोजलं कोणी?

द्रीवाला तिची शिंगमोडकी मेंढी दिसली, दोनदा.
तिने मात्र वहीत लिहिलं. 'मेंढी उत्तम.'

आणि स्ताइन्थोर, चाळीस वर्षं बोट चालवलेला,
त्याची तक्रार एका गाठीबद्दल.
राजपुत्र किनाऱ्याला लागतो, नाव बांधतो,
नव्याने घातलेलं दृश्य, पहिल्या भागातलं.
उलटी आहे, तो म्हणाला.
लाटेची पहिली थाप बसली की सुटेल.
एवढे कोट्यवधी ओतले, एक खलाशी विचारायचा होता.
लोक हसले. जादूची तलवार चालते तुला,
गाठ चालत नाही?
तलवारीतलं मला कळत नाही, तो म्हणाला.

ड्रॅगन पडला. पडायला या वेळी सहा मिनिटं जास्त घेतली त्याने.
बाहेर अंधार जसाच्या तसा.
वाल्गेर्दुर बाई गाडीशी उभ्या, हातमोजे घालत, काढत,
अजून बोलतच होत्या.
कापणं हेसुद्धा लिहिणंच असतं,
हे लोक शिवण उसवून कापड मोजतात.
मला पटलं.
दहाएक मिनिटं पटलेलं होतं.

खुर्च्यांखालचे कप गोळा करत होते तर
स्ताइन्थोर परत आला. टोपी हातात.
ते गाठीचं पुन्हा लावशील?

राजपुत्राचा चेहरा. मग पाणी. मग नुसते हात.
दोर, लाकडी खुंट, वेढा डावीकडून.
अंगठ्याचं नख काळं.
सहा सेकंद.
पुन्हा, तो म्हणाला.
चौथ्या वेळेनंतर मी मोजणं सोडलं.

त्या आठवड्यात नटाचे हात थंडीने फुटले होते,
म्हणून केतिलला बोलावलं होतं,
दिवसाचे पंधरा हजार क्रोना आणि सूप.
सिनेमा आला तेव्हा ते हात कुठेच नव्हते.
केतिल हसला होता, सूप चांगलं होतं म्हणाला.
पुढच्या हिवाळ्यात त्याची बोट सापडली.
नुसती बोट.

लहानपणापासून सांगतोय त्याला, स्ताइन्थोर पडद्याकडे बघत म्हणाला,
डावखुरा असलास तरी दोर डावखुरा नसतो.

मी दिवे लावले. त्याने टोपी घातली,
दारापाशी वही उघडली, पेन चालेना,
झटकलं, पुन्हा झटकलं,
आणि मेंढीच्या खाली, उभं राहूनच, लिहिलं:
'गाठ चुकीची आहे.
कापू नये.'