बावीस सेकंद

मल्हारगंजात, मुनाफ पिंजाऱ्याच्या दुकानात
रात्री साडेदहाला शटर ओढून
आम्ही गाद्यांची भिंत रचायचो.
आत तो, सहाशेचा माईक
आणि माईकवर माझ्या बहिणीचा मोजा.

नाव घेतलं होतं 'तात'.
धुनकीची असते ती.
रॅप सगळं हिंदीत,
शिव्या तेवढ्या खानदेशी, आजोळच्या.

पहिल्या सीडीच्या चाळीस प्रती.
मार्करनं नावं मी लिहिली, एकोणिसावीपासून अक्षर बिघडत गेलं.
एक अजून जेल रोडच्या एका रिक्षात
आरशाखाली टांगलेली आहे,
उन्हात फिरते.

दुसरी विजयनगरच्या स्टुडिओत, तासाला आठशे.
तिथल्या पोरानं श्वास कापले,
कापसाचा खोकलाही.
ऐकून मुनाफ म्हणाला,
भिया, हे कोण बोलतंय?

तिसरी झालीच नाही.
आता फोमच्या गाद्यांची एजन्सी आहे त्याची, देवासला.

माझ्याकडे एक फाईल उरलीय.
त्यानं तोंड उघडायच्या आत
मागे अब्बांनी धुनकी छेडली,
रेकॉर्डिंग चालू आहे हे विसरून.
तुंई. तुंई.
मी बटणाकडे हात नेला असणार,
कारण मुनाफचा आवाज येतो, हळू, मराठीत:
राहू दे ना.