तेहतिसावी रेघ

शाहूपुरीतला हॉल, दुसरा मजला,
शनिवारी साडेनऊला नावनोंदणी.
गळ्यात दोरी, दोरीला माझं नाव:
श्रीनिवास कुंभोजकर, आर्किटेक्ट, अनुभव सत्तावीस वर्षं.
सहा तास बसलं की सहा गुण,
नूतनीकरणाच्या अर्जाला ते लागतात.
त्यासाठीच आलो होतो बरेचसे, खोटं कशाला बोलू.
एसी एकच चालू,
त्याखालच्या खुर्च्या नगररचनेतल्या साहेबांनी
आधीच धरलेल्या.

देवस्थळेबाईंनी पडद्यावर एक परदेशी गाव दाखवलं.
तिथं चौक मुद्दाम खोल खणलाय.
एरवी पोरं त्यात चेंडू खेळतात,
पाऊस झाला की चौकाचं तळं होतं.
मागून पोवार म्हणाला,
"आमचा व्हीनस कॉर्नर काय वायला हाय?
फकस्त आम्ही मुद्दाम न्हाई केला."
सगळे हसले.
बाई हसल्या नाहीत, वहीत लिहून घेतलं त्यांनी.

मग निळी रेघ, लाल रेघ.
पंचवीस वर्षांतून एकदा येणारं पाणी,
शंभरातून एकदा येणारं पाणी.
शाहीन मुजावर, गेल्याच वर्षी पास झालेली पोरगी,
उभी राहून म्हणाली,
"मग सोळा वर्षांत तीनदा आलं,
ते कुणाच्या हिशोबातलं?"
साहेब बाटलीचं झाकण घट्ट करत राहिले.
ते घट्टच होतं.

जेवणानंतर डोळे मिटू नयेत म्हणून
जयंती नाल्याच्या कडेनं चालवत नेलं,
आणि एकेकाच्या हातात एकेक खडू.
समोर गोडाऊनची लांबलचक पाठभिंत.
"एकोणीस साली पाणी कुठवर होतं,
आपापली रेघ मारा. शेजारच्याचं बघायचं नाही."
भिंतीला तोंड करून आम्ही बत्तीस जण,
गृहपाठ न केल्याबद्दल उभं केल्यासारखे.

कुणाची गुडघ्याला, कुणाची कमरेला,
पोवारची खांद्याला, आणि वर एक मासा.
टपरीतून इस्त्रीवाले रावजी बाहेर आले.
बाईंनी विचारलं, "काका, पाणी कुठवर होतं?"
रावजी म्हणाले, "कुठल्या सालचं?"
आणि निखारे विझतील म्हणून परत आत गेले.

माझी रेघ छातीपाशी.
सरळ, ओळंबा लावल्यासारखी.
बाई म्हणाल्या, हात छान आहे तुमचा.

त्या भिंतीच्या पलीकडंच
चार मजले, खाली पार्किंग, अकरा सालची मंजुरी,
नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात माझा शिक्का.
त्या ऑगस्टात रात्री दोनला
इनामदारबाईंचा फोन आला होता:
"लिफ्टच्या खड्ड्यात नव्हं ओ साहेब, लिफ्टमध्येच पाणी हाय.
मीटरची पेटी बुडाली."
पेटी रस्त्यापासून सात फुटांवर.
उंची मीच ठरवलेली,
एवढं वर कोण येतंय म्हणून.

म्हणजे बत्तीस जणांत एकट्यालाच
उत्तर इंचासकट पाठ होतं.

पाचला प्रमाणपत्रं वाटली.
नाव बरोबर, गुण सहा, फोटोत मी दुसऱ्या रांगेत.
स्कूटर घराकडं वळवायची ती नाल्याकडं वळली.
खिशात खडूचा तुकडा उरला होता.
रावजींनी काही न विचारता स्टूल आणून ठेवलं.
नको म्हणालो,
टाचा उंचावल्या, हात ताणला.
वाकडी गेली,
सत्तावीस वर्षांत इतकी वाकडी मारली नव्हती.
शर्टाच्या बाहीत भुकटी पडली.

सोमवारी शाहीनचा फोटो आला मोबाईलवर,
आमच्या सगळ्यांना एकदमच पाठवलेला.
खाली एक ओळ:
"रेघा तेहतीस भरतात. सगळ्यात वरची कुणाची?"

पोवारनं हसणारं तोंड टाकलं.
साहेबांनी वाचलंय, एवढं दिसतंय.
मी लिहितोय, पुसतोय.
टेबलावर अकरा सालचा नकाशा पसरलाय,
त्याच्यावर चहाचा कप ठेवायलाही
आज जागा सापडत नाही.