हमीपत्र

अर्जावर लिहिलंय : जून ते जानेवारी,
आठवड्यातून चार दिवस, ताप असल्याशिवाय गैरहजेरी नाही.
खाली पालकाची सही.
सावद्याहून पप्पा ट्रक भरून आले तेव्हा
बोटांवर केळीचा चीक वाळून काळा झाला होता,
तो कागदावर उमटला, सहीच्याही आधी.

फिरके सर म्हणाले, मोनाली, दोन डगरींवर पाय ठेवतेस.
मी काही बोलले नाही.
मी खालची.
आमच्यात जी वर जाते तिचं नाव विचारतात,
खालचीचं वजन.
तीन वर्षं खांद्याइतके पाय फाकवून उभी राहतेय
आणि माझ्या दोन्ही तळहातांत
दुसऱ्या कुणाचे तरी पाय असतात.
डगरींचं मला काय सांगता, सर.

शाळेत मॅट नाही.
काळ्या मैदानावर कोळीमामा पाइपनं पाणी मारतात,
दुपारपर्यंत परत भेगा.
केळीच्या सोपाचे धागे रंगवून आम्ही गोंडे केलेत,
घाम आला की लाल रंग मनगटाला लागतो.
कबड्डीच्या मुलींसाठी ओरडतो आम्ही.
भारंबेची चढाई असली की घसा बसेपर्यंत.
त्या जिंकल्या की आम्ही जिंकतो,
हरल्या की त्यांना पाणी नेऊन देतो.

जळगावला, एमआयडीसीतल्या बंद चटई कारखान्यात
निळी मॅट आहे. भिंतभर आरसा.
पहिल्या दिवशी मी विचारलं, इथं कुणासाठी ओरडायचं?
ललवाणी मॅडम हसल्या नाहीत.
"इथं शेजारी दुसरा खेळ चालू नसतो. हाच खेळ.
अडीच मिनिटं. बघायला येतात ते तुम्हालाच."

त्या रात्री फैजपूरच्या गाडीत
पुढच्या सीटची दांडी धरून मी तेवढंच घोळवत बसले.
तुम्हालाच.
लाज वाटली. मग भूक लागली.
शेजारची बाई म्हणाली, "रोज रोज कुठी जाऊ राह्यली वं?"
क्लासला.
"कशाच्या?"
उचलायच्या, म्हणाले मी.
तिनं तिची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी, शाळेच्या मैदानावर,
जरीना तडवीला झेलताना
तिचं कोपर माझ्या ओठावर आलं.
चूक तिची नव्हती.
इथं आम्ही एक-दोन-तीन-चार म्हणतो आणि चारला सोडतो.
तिकडे फाइव्ह-सिक्स-सेव्हन-एट,
आणि सेव्हनलाच गुडघे वाकलेले लागतात.
माझं अंग तिकडचं मोजत होतं.
तोंडात रक्त, थोडी माती.
जरीनानं ओढणीचं टोक ओलं करून दिलं.
"जा ना तिकडे, मी कुठे नको म्हणते?
पण इथं असशील तेव्हा मोठ्यानं मोज.
वर असले की मला तू दिसत नाहीस."

पप्पांनी सुजलेला ओठ पाहिला.
दुखतं का, हे आई विचारून चुकली होती.
त्यांनी अंगणात माझ्या खांद्यावर चुंबळ ठेवली,
तिच्यावर अख्खा घड.
"उचलनं कोनालेबी येतं. आता खाली ठेव.
डाग नाही पडला पाहिजे."
मी ठेवला. कडेचं एक केळ चेपलं.
"परत."
अंधार पडेपर्यंत सात वेळा.
चेपलेली केळी आईनं दुसऱ्या दिवशी शिकरणीला घेतली.

आता डिसेंबरात तालुक्याची अंतिम फेरी
आणि नागपूरची स्पर्धा
एकाच रविवारी आल्यात.
अर्जात त्याला रकाना नाही,
फक्त तापाला आहे.
फिरके सर विचारत नाहीत, ललवाणी मॅडम विचारत नाहीत,
भारंबेनं एकदा विचारलं आणि उत्तर न ऐकताच
बुटाची नाडी बांधायला खाली वाकली.

आज मंगळवार.
मैदान ओलं आहे, टाचा रुतताहेत.
मी मोजतेय, मोठ्यानं,
फुटलेल्या ओठाची खपली ताणत,
एक,
दोन,
जरीना वर आहे.