चिकटलेला स्विच

"एकच अक्षर चुकलंय," डॉक्टर खोब्रागडे म्हणाल्या,
"जॅक-टू, सहाशे सतरावं घर."
वरून निरोप नसला तरी पेशीला ऐकू येतं:
रक्त बनव, अजून बनव.

गड्डीगोदामात कूलर दुरुस्त करतो मी.
चिकटलेला स्विच मला कळतो.

मे महिन्यात आंघोळ केली की अंगभर खाज,
तोंड लालबुंद.
बायको म्हणे, ऊन लागलं, खिशात कांदा ठेवा.

आता दर महिन्याला मेडिकलात
माझी एक पिशवी भरतात
आणि फेकून देतात.

बाजूच्या खाटेवर सिकलसेलची पोट्टी.
तिचा बाप रक्तपेढीची चिठ्ठी धरून उभा,
माझ्या पिशवीकडे पाहत.

"चालत नाही, भाऊ."

"काहून?"

काट्यावर पिशवी हलत होती,
अजून कोमट.