नोड १४५

वेर्ण्याच्या ऑफिसात मी एल्बोला पाय लावतोय.
प्रोग्राम विचारतो : कुठून?
मध्यरेषेपासून, मी सांगतो.
तिथं लोखंड नाहीच,
नुसती वाफ वाहते.
म्हणून मध्यापासून कातडीपर्यंत
एक ताठ, बिनवजनाचा तुकडा कल्पायचा,
पुढे खरा पाइप.

वळणाला थोडं चेपायची मुभा असते :
तापलं की अंडाकार होतं,
निभावून नेतं.
पाय जोडला की मुभा गेली.
प्रोग्रामला पत्ता नाही.
आकडे हिरवे.

सांकवाळला, रॅकखाली, इनासनं काच वर केली :
"बाब, पांय दिलो, पूण ताणें हालचें खंय?"
मग डावं कोपर गुडघ्यावर टेकवून
हात स्थिर केला, ठिणगी पाडली.

संध्याकाळी मी पाय
सरळ नळीवर सरकवला.
फोन लावला.
तोवर जोड गार झाला होता.