तीन नंबरची खोली

संध्याकाळी सहाला रोसेंदो चिलुइसा
निलगिरीच्या ओंडक्यांची ढकलगाडी घेऊन निघतो.
सात खोल्या, सात शेकोट्या,
एकीला एकच काडी.
दुसरी लागली तर स्वतःवरच चिडतो.

खोल्यांच्या भिंती कमरेपर्यंत इंकांच्या,
वर स्पॅनिश मालकांचा पांढरा चुना,
त्याच्याही वर हॉटेलचे दिवे, पिवळे, मंद.
खालच्या दगडांत चुना नाही, माती नाही,
दगड दगडाला नुसता टेकलेला,
एका घोंगडीत झोपलेल्या भावांसारखा.
पाहुणे फटीत कार्ड सरकवून बघतात.
कार्ड जात नाही. पाहुणे हसतात, फोटो काढतात.
एका बाईंनी विचारलं, कसं केलं असेल हो हे?
तो म्हणाला, हळूहळू.

त्याची आजी याच हासिएंदावर राबली,
मोबदल्यात बटाट्याचा एक वाफा.
रात्री दाराबाहेर झोपायची,
मालकिणीला तहान लागली तर हाक ऐकू यावी म्हणून.
तीन नंबरचं दार.
तेव्हा त्याला नंबर नव्हता.

या आठवड्यात कोतोपाक्सी खोकतोय.
राख लामांच्या पाठीवर, वाळत घातलेल्या चादरींवर,
झाकण विसरलं की सूपमध्येही.
बुकिंगं रद्द.
दोन्या एर्नेस्तिना फोनवर सगळ्यांना सांगतात, काही धोका नाही,
आणि स्वतः कितोला मुलीकडे जातात.
गाडीत बसता बसता म्हणतात,
एका खोलीत विस्तव ठेव, नाहीतर ओल धरेल.
तिथेच झोप, राखेतून ये-जा नको.
कुठल्या खोलीत, ते सांगत नाहीत.

तो बूट दाराबाहेर काढतो. मग आत घेतो.
गादी फार मऊ, माणूस बुडतो तिच्यात,
कोणी हाक मारली तर उठणार कसा?
मध्यरात्र उलटल्यावर उशी घेऊन खाली उतरतो,
भिंतीला पाठ लावून बसतो.
शेकोटी विझत आलेली.
आणि दगड
(हे त्याला एकतीस वर्षांत कळलंच नव्हतं,
कारण एकतीस वर्षं तो आग लावून निघून जायचा)
दगड आता ऊब परत देऊ लागतो,
आधी खांद्यांना, मग कमरेला,
उसनं नेलेलं पीठ आणून देणाऱ्या शेजारणीसारखा,
थोडं जास्तच.

बाहेर काहीतरी हललं. मांजर असेल.
त्याने उठून दार उघडलं,
किचवात म्हणाला, आत ये.
कोणी आलं नाही. राख आली थोडी.
तरी दार त्याने बराच वेळ लावलं नाही.

सकाळी पलंग आवरतो,
चादरीचा कोपरा पाकिटासारखा दुमडून, नेहमीसारखा.
मेजावर पाहुण्यांची वही.
नाव: रोसेंदो चिलुइसा.
कुठून आलात: इथे पेन अडतं.
मग लिहितो, दाराबाहेरून.
काही सूचना: धुराडं साफ करायला झालंय.

वही मिटताना त्याला आठवतं,
ते काम त्याचंच.